दहा घरे, शंभर कोंबड्या

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीत कोंबडी नाही असे घर शोधावे लागेल. सकाळी डालगे उचलले की कोंबडी बाहेर पडते. दिवसभर उकिरडा उकरते, बांधावरचे किडे वेचते, सांडलेले धान टिपते. दिवस मावळला की आपणहून घरी येते. तिच्यामागे राखणदार लागत नाही.

असे असूनही दुकानात पाहा. तिथे जी पांढरी अंडी मांडलेली असतात, ती मोठ्या शेडमधून गाडीत बसून येतात. घरोघरी कोंबड्या, आणि अंडी मात्र विकतची! असे का व्हावे?

आम्ही पुष्कळ गावांत हा प्रश्न विचारला. उत्तर बहुतेक एकच मिळाले. लोक म्हणाले, "गुरुजी, कोंबड्या वाढतात खऱ्या, पण एका वर्षी रोग येतो आणि खुराडं रिकामं होतं. मग धंदा कसला करता?"

बोलणे खरे आहे. पण यावर उपाय आहे. तो उपाय एकट्या घराला परवडत नाही, दहा घरांना सहज परवडतो. तो कसा, ते या धड्यात पाहू.

घराला कोंबड्या किती?

मोकळ्या चरणाऱ्या कोंबडीचे निम्म्याहून अधिक पोट आवारातच भरते. किडे, गांडुळे, उधई म्हणजे वाळवी, गवताचे बी, हिरवा पाला, खरकटे. हे सारे फुकट मिळते. पण फुकटाला मर्यादा असते. एका घराच्या आसपास दहा-बारा कोंबड्यांपुरते मिळते. कोंबड्या तीस केल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला थोडे येते, अंडी कमी होतात आणि दाणा विकत घ्यावा लागतो. शिवाय त्या शेजाऱ्याच्या वाडीत शिरतात आणि भांडण घरी आणतात.

म्हणून एका घराने दहांवर थांबावे. नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देते, पण त्या अंड्यातून पिल्लू निघत नाही.

दहा कोंबड्यांना रोज संध्याकाळी मूठ-मूठ दाणा टाकावा. तांदळाची कणी, कोंडा, ज्वारी, जे घरात असेल ते. दर कोंबडीला सुमारे ३० ग्रॅम पुरे होतात. संध्याकाळच्या दाण्याने कोंबडी वेळेवर घरी येते, आणि एखादी आली नाही तर तेव्हाच कळते. अंड्याचे कवच चुन्याचे असते. म्हणून शिंपल्यांचा चुरा किंवा भाजून कुटलेली अंड्याची टरफले एका खापरात ठेवावीत. त्यावाचून कवच पातळ होते आणि अंडे हातातच फुटते.

उधई मिळवायची एक सोपी युक्ती आहे. जुन्या मडक्यात ओले शेण आणि तणस भरावे. जिथे उधई दिसते तिथे ते मडके रात्री पालथे घालावे. सकाळी आत उधई भरलेली असते. कोवळ्या पिल्लांना याहून चांगले खाणे नाही.

कोणती कोंबडी पाळावी?

आपली गावरान कोंबडी वर्षाला सुमारे ६० अंडी देते. शहराकडची पिंजऱ्यातली पांढरी कोंबडी ३०० च्या वर देते. हा आकडा ऐकून कोणी हुरळू नये. ती पिंजऱ्याबाहेर आपल्या रानात टिकायची नाही. तिला तोलून-मापून खाणे लागते. तिला घार ओळखता येत नाही, की पिल्ले वाढवता येत नाहीत.

गावरान कोंबडीची अंडी कमी का पडतात? ती पंधराएक अंडी घालते आणि खुडूक होते, म्हणजे अंड्यांवर बसते. २१ दिवस उबवण्यात जातात. पुढे दोन-अडीच महिने पिल्लांमागे जातात. तेवढे दिवस अंडी बंद. तेव्हा सगळ्याच कोंबड्यांना उबवू देऊ नये. दोन चांगल्या कोंबड्या निवडाव्यात आणि त्यांच्याखाली बारा-बारा अंडी ठेवावीत. बाकीच्यांची अंडी रोज उचलावीत.

हैदराबादच्या सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेने गावासाठी म्हणून काही जाती तयार केल्या आहेत. त्यांत ग्रामप्रिया ही अंड्यांसाठी आहे. घरच्या आवारात, वरून थोडा दाणा दिला तर, ती वर्षाला दीडशेच्या आसपास अंडी देते. मात्र ती सहसा खुडूक होत नाही. म्हणजे नवी पिल्ले पुन्हा आणावी लागतात. वनराजा नावाची जात अंगाने भारी आहे. तिला मांस चांगले, पण जड पक्ष्याला मुंगसापासून पळणे जमत नाही.

आमच्या मते दोन्हींचा मेळ घालावा. सात गावरान, दोन ग्रामप्रिया, एक कोंबडा. गावरान राखील वंश, ग्रामप्रिया भरील टोपली. पिल्ले कुठे मिळतील, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे. गडचिरोलीजवळ सोनापूरला आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीला कृषी विज्ञान केंद्रे आहेत, तिथेही विचारावे. एका दिवसाचे पिल्लू आणू नये. त्याला ऊब लागते. महिना-दीड महिन्याचे वाढलेले पिल्लू आणावे. किंमत थोडी जास्त पडते, पण ते जगते.

रातचा निवारा

दिवसा शत्रू घार, कावळा आणि मुंगूस. रात्री रानमांजर आणि साप. आपल्याकडे बांबूला तोटा नाही. जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, चार खांबांवर बांबूचे खुराडे बांधावे. फटी बोटभरापेक्षा मोठ्या नकोत. तळाच्या फटीतून विष्ठा खाली पडते आणि आत कोरडे राहते. दाराला कडी हवी. आठ दिवसांनी खालची विष्ठा गोळा करून खताच्या खड्ड्यात टाकावी. भाजीला ते खत उत्तम.

पिल्लांना पहिले दोन महिने डालग्याखाली, आईजवळ ठेवावे. सर्वांत जास्त पिल्ले याच काळात जातात. बारा पिल्ले निघाली आणि तीन राहिली, असे घरोघर ऐकू येते. नशिबाला बोल लावण्याआधी डालगे घातले होते का, ते पाहावे.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. कोंबडी चोच उघडून धापा टाकते आणि अंडी कमी करते. सावलीत दोन ठिकाणी मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवावे. ते दिवसातून दोनदा बदलावे.

मानमोडी

आता मुख्य गोष्ट. गाव रिकामे करणाऱ्या त्या रोगाला आपण मानमोडी म्हणतो. डॉक्टर त्याला राणीखेत म्हणतात. राणीखेत हे हिमालयाकडचे गाव. १९२७ च्या सुमारास आपल्या देशात हा रोग तिथे ओळखला गेला, म्हणून ते नाव पडले. त्याच सुमारास तो विलायतेतही दिसला होता. तेव्हा हा कोणाचा कोप नाही आणि कोणाची करणीही नाही. हा एक विषाणू आहे. तो इतका बारीक आहे की डोळ्यांना दिसत नाही.

लक्षणे अशी. कोंबडी गप्प बसते, खात नाही. पंख खाली सोडते. हिरवट-पांढरे पातळ हगते. घरघर करत श्वास घेते. कोणाची मान वाकडी होते, पाय लुळे पडतात. दोन-चार दिवसांत खुराडे साफ होते. रोग लागल्यावर यावर औषध नाही. लसूण, हळद, दारू, काही चालत नाही.

हा रोग पसरतो कसा? आजारी कोंबडीच्या विष्ठेतून आणि शेंबडातून. बाजारातून आणलेल्या नव्या कोंबडीतून. टोपलीला, पायताणाला लागलेल्या घाणीतून. आणि एक वाईट रीत आहे, तीही सांगितली पाहिजे. रोग दिसला की लोक उरलेल्या कोंबड्या घाईने बाजारात नेतात. आपला तोटा दुसऱ्याच्या गळ्यात घालतात. त्या कोंबड्यांबरोबर रोग चार गावे फिरतो, आणि पुढल्या वर्षी तोच फिरून आपल्या दारात येतो.

यावर उपाय एकच, लस. पिल्लू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा नावाच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकतात. सुमारे आठ आठवड्यांनी आर-टू-बी नावाची लस पंखाखाली सुईने टोचतात. पुढची लस केव्हा द्यायची, ते डॉक्टरांना विचारून तारीख लिहून ठेवावी. टोचण्याआधी आठ दिवस जंताचे औषध द्यावे. आजारी कोंबडीला लस टोचू नये.

एका टोल्यावर एका आजीने आम्हांला विचारले, "गुरुजी, माही कोंबडी चांगली चरते, खाते. तिले सुई कायले टोचता?"

आम्ही म्हणालो, "आजी, तहान लागल्यावर विहीर खोदता येते का?"

आजी हसल्या. म्हणाल्या, "बरं बापा, टोचा. पण शेजारणीच्याही टोचा. नाही तर तिची कोंबडी माह्याच अंगणात येते."

आजीला अक्षर येत नव्हते, पण या धड्याचे सार त्यांनी एका वाक्यात सांगितले.

एक बाटली, दहा घरे

लस कशी असते, हे समजून घेतले की आजींचे बोलणे पटेल. बाटलीत अशक्त केलेला जिवंत विषाणू असतो. तो उन्हाने मरतो. म्हणून लस दवाखान्यापासून गावापर्यंत बर्फात आणावी लागते. ती पातळ केली की दोनएक तासांत संपवावी लागते. उद्यासाठी ठेवता येत नाही. आणि बाटली येते ती शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांची.

आता पाहा. तुमच्या घरी दहा कोंबड्या. बाटली शंभरांची. एकट्याने आणली तर नव्वद वाटे मातीत जातात. पुन्हा बर्फ आणि मोटारीचे भाडे आहेच. म्हणून एकटा माणूस लस आणत नाही. पण दहा घरे एकत्र आली तर? दहा घरे, प्रत्येकी दहा कोंबड्या. शंभर कोंबड्या, एक बाटली. हिशोब बरोबर जुळतो.

लसीचा दिवस दहा घरांनी मिळून ठरवावा. आदल्या रात्री कोंबड्या डालग्याखाली झाकाव्यात. एकदा सोडल्या की हाती लागत नाहीत. पहाटे, ऊन चढण्याआधी काम उरकावे. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाला आठ दिवस आधी कळवावे. गावातल्या एक-दोन बायांनी त्यांच्याकडून थेंब टाकायला शिकून घ्यावे. हात हलका असला की काम अवघड नाही.

एखादे घर नको म्हणेल. त्याच्यावर रागावू नये, पण सोडूही नये. नऊ घरांत लस झाली आणि दहावे राहिले, तर रोग त्या दहाव्या घरात घर करून राहतो. मोठ्या कोंबड्या वाचल्या तरी ज्या पिल्लांची लस अजून व्हायची आहे, ती सर्वांच्या घरची मरतात. त्याला हे समजावून सांगावे. त्याच्याकडे त्या दिवशी पैसे नसतील तर चार अंडी घ्यावीत आणि मोकळे व्हावे.

आणखी दोन नियम दहा घरांनी पाळावेत. बाजारातून आणलेली कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवावी. मेलेली कोंबडी नदी-नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकू नये. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी. एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या तर त्या खाऊ नयेत, विकू नयेत, त्याच दिवशी दवाखान्याला कळवावे. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला. आपल्या देशात तो पहिल्यांदा तिथे सापडला, आणि लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तो रोग माणसालाही होऊ शकतो. तेव्हा लपवाछपवी नको.

अंडे कसे राखावे?

अंडे रोज उचलावे, शक्यतो दोनदा. पाण्याने धुऊ नये. कवचावर एक पातळ थर असतो. तो अंड्याला राखतो. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसावी. अंड्याचा रुंद भाग वर ठेवावा. रुंद टोपल्यात ओली वाळू पसरावी, तीवर कोरडे फडके, त्यावर अंडी, आणि हे टोपले सावलीत वारा येईल असे ठेवावे. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत विकून टाकावीत.

आता तुमच्या नव्या विद्येचा उपयोग. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक अंड्यावर तारीख लिहा. फक्त दिवसाचा आकडा लिहिला तरी पुरे. गिऱ्हाइकाला तारीख दिसली की त्याचा विश्वास बसतो. आणि गावरान अंड्याला दोन पैसे जास्त मिळतात, ते विश्वासापोटीच. शंभरांत एक नासके निघाले तर लोक बाकीची नव्व्याण्णव विसरतात.

शंका आली तर अंडे पाण्यात सोडा. ताजे अंडे तळाशी आडवे पडते. जुने उभे राहते. तरंगले ते टाकून द्यावे.

अंडी कोणाला विकावी?

पहिले गिऱ्हाईक आपले घर. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढते पोर, यांच्या ताटात आधी अंडे पडावे, मग बाजार. आपल्या दाराशी अंडी पिकवून आपलेच पोर वाळलेले राहिले, तर तो धंदा कसला?

दुसरे गिऱ्हाईक अंगणवाडी. सरकारची अमृत आहार योजना आदिवासी भागासाठी आहे. २०१५ साली ती गरोदर आणि स्तनदा मातांसाठी सुरू झाली. २०१६ साली तीत लहान मुलेही आली. मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडे, आणि जे अंडे खात नाहीत त्यांना केळी, अशी ती योजना आहे. अंगणवाडीत २५ मुले धरा. २५ गुणिले ४, म्हणजे आठवड्याला १०० अंडी झाली. ही अंडी गावातूनच घेता येतील का, हे अंगणवाडीच्या ताईंना आणि ग्रामपंचायतीत विचारावे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता कितीदा तरी बंद पडला आहे. अशा दिवसांत बाहेरची गाडी येत नाही, गावची कोंबडी मात्र गावातच असते.

तिसरे गिऱ्हाईक आठवडी बाजार. दहाही घरांनी बाजारात जाऊन दिवस मोडू नये. पाळी लावावी. एकाने सर्वांची अंडी न्यावीत, धानाच्या तुसात नीट बसवून. भाव सर्वांचा एक.

हिशोब

आता वही उघडा. एका घराचा वर्षाचा हिशोब मांडू.

सात गावरान कोंबड्या, प्रत्येकी ६० अंडी : ४२०
दोन ग्रामप्रिया, प्रत्येकी १५० अंडी : ३००
एकूण : ७२०
उबवायला ठेवली : २४
घरी खाल्ली : ९६
विकायला उरली : ६००

समजा, एका अंड्याला १० रुपये मिळाले. विक्री ६,००० रुपये. खर्च असा. दहा कोंबड्यांना रोज ३०० ग्रॅम दाणा, म्हणजे वर्षाला सुमारे ११० किलो. किलोला १५ रुपये धरले तर १,६५० रुपये. लस आणि औषध १५० रुपये. खुराड्याची दुरुस्ती २०० रुपये. एकूण खर्च २,००० रुपये. शिल्लक ४,००० रुपये. वाढलेले कोंबडे विकाल ते वेगळे. तुमच्या गावचा भाव निराळा असेल, तो घालून पुन्हा मांडा.

दहा घरांची मिळून ६,००० अंडी होतात. अंगणवाडीला वर्षाची ५२ आठवडे धरून ५,२०० लागतील. उरलेली ८०० बाजारात. अंडी दर महिन्याला सारखी मिळत नाहीत. उन्हाळ्यात कमी, मग पुन्हा जास्त. म्हणून अंगणवाडीला शब्द देताना हात राखून द्यावा.

चार हजारांनी कोणी वाडा बांधणार नाही. पण ते पैसे एकदम येत नाहीत, दर आठवड्याला येतात. मीठ-तेल, पोराची वही, दवाखान्याचे भाडे त्यातून भागते. सावकाराच्या दारी जायची एखादी खेप टळते. आणि हे पैसे बहुधा घरच्या बाईच्या हाती राहतात.

आता उलटा हिशोब करा. लसीचे आणि औषधाचे १५० रुपये वाचवले, आणि मानमोडी आली. दहांतल्या आठ कोंबड्या गेल्या. वर्षाची कमाई गेली आणि वंशही गेला. दीडशे रुपये महाग की स्वस्त, ते तुम्हीच ठरवा.

एक सूचना. पाहुणा येतो, सण येतो, नवस फेडायचा असतो. आपल्या रीतीत कोंबडे लागते. ते असावे. पण अंड्यावरची कोंबडी त्यासाठी धरू नये. तिच्या पायात रंगीत दोरा बांधून ठेवावा. दोरा बांधलेली कोंबडी धंद्याची, हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक असावे. पाहुण्यासाठी वाढते कोंबडे आहेतच.

लक्षात ठेवा

घराला दहा कोंबड्या पुरे.
रोगानंतर औषध नाही, रोगाआधी लस आहे.
बाटली शंभरांची, म्हणून दहा घरे एक करा.
आजारी कोंबडी बाजारात नेऊ नका.
अंड्यावर तारीख लिहा, वहीत हिशोब लिहा.

उजळणी

१. मानमोडीची तीन लक्षणे सांगा.
२. लसीची बाटली एकट्या घराला का परवडत नाही?
३. तुमच्या अंगणवाडीत किती मुले आहेत? त्यांना आठवड्याला किती अंडी लागतील, ते वहीत मांडा.
४. तुमच्या शेजारची नऊ घरे कोणती? त्यांची नावे लिहा. प्रत्येक नावापुढे कोंबड्यांची संख्या लिहा. बेरीज करा.

चौथ्या प्रश्नाचे उत्तर लिहून झाले की वही मिटू नका. ती घेऊन त्या नऊ घरी जा, आणि लसीचा दिवस ठरवून या.